कोरडा आवाज

मे महिन्यात अमरावतीत कूलर बंद करायला लावणाऱ्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे मुळातच अवघड काम. दिगूभाऊ तो रोज बंद करायला लावायचे. रेकॉर्डिंगच्या आधी कूलर बंद, पंखा बंद, दार बंद. गायकाच्या मानेवरून घामाचे ओघळ सुरू झाले की काचेपलीकडून म्हणायचे, "हां, आता मोकळा झाला गळा. म्हना." धामणगाव रेल्वे या गावचा एक पेटीवाला त्या खोलीत पेटीवरच आडवा झाला होता. लोकांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. तो डोळे उघडतो न उघडतो तोच दिगूभाऊंनी पहिली चौकशी केली ती पेटीत पाणी गेलं का, याची.

बडनेरा रोडवरच्या एका जुन्या सरकीच्या गोदामात त्यांचं 'सुभद्रा रेकॉर्डिंग' होतं, अजूनही आहे. कॅसेटच्या काळात सुरू झालं, सीडीचा काळ आला नि गेला, आता लोक गाणं थेट मोबाइलवर टाकतात, पण आत भिंतींना कापसाच्या त्याच गाद्या आहेत. बाकीच्या स्टुडिओंनी फोम लावला तेव्हा आपल्या भागात कापूस मेला काय, असं विचारून दिगूभाऊंनी जुन्या गाद्या पिंजून परत भरून घेतल्या. अकोल्यापासून अंजनगाव सुर्जीपर्यंतची खंजेरी भजनाची मंडळं, भीमगीतांच्या पार्ट्या, निवडणुकीत निवडून आलेले आणि आपटलेले उमेदवार, सगळे त्या गाद्यांमध्ये घाम गाळून गेले. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि फावल्या वेळात ऑटोच्या भोंग्यावरून फिरणाऱ्या जाहिरातींना आवाज द्यायचो. साड्यांचा सेल, बियाणं, सर्कस, जे येईल ते. त्यामुळे तिथे माझी ऊठबस होती. दिगूभाऊ मला मास्तर म्हणायचे. त्यात आदर असावा असा संशय मला कधी आला नाही.

माणूस बुटका, वाळलेला, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, उजव्या हातात तांब्याची जाड अंगठी. स्वतः कधी एक ओळसुद्धा गुणगुणला नाही. "मले गाता येत नाई, म्हनून तर ऐकू येते," असं ते वर म्हणायचे. गाणं ऐकताना गायकाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायांकडे बघायचे. माणूस बेसूर व्हायच्या आधी त्याच्या पायाचा अंगठा हलतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून चपला दाराबाहेर, मोजेही काढायचे. स्वतःचं प्रचारगीत स्वतः गायची हौस असलेल्या एका पुढाऱ्याला त्यांनी कार्यकर्त्यांसमोर मोजे काढायला लावले. त्यातला एक मोजा फाटका निघाला. पुढाऱ्याने ते गाणं गायलं नाहीच, पण त्याच्या वाढलेल्या नखांची चर्चा मात्र मतदानापर्यंत पुरली.

गाणं पसंत नसेल तर दिगूभाऊ तळहात पालथा करायचे. पसंत पडलं तर अंगठीने काचेवर टक करायचे, एकदाच. त्या टकेची किंमत अशी की ती मिळालेला माणूस पुढे जन्मभर सांगत फिरायचा. मला ती कधीच मिळाली नाही. माझं वाचून झालं की ते "चालन" म्हणायचे, तेही दुसरीकडे बघत.

पण त्यांची खरी कुप्रसिद्धी होती ती कोरडं ऐकवण्याची. स्टुडिओत आवाजाला घुमारा चढवतात, त्याला इको म्हणतात. इको लावला की कोणत्याही आवाजाला जरा रूप येतं, गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून सगळीकडे गाणाऱ्याला त्याचं गाणं इको लावूनच ऐकवतात. दिगूभाऊ उलटं करायचे. पहिल्यांदा आलेल्या माणसाचं गाणं झालं की इको पार काढून टाकायचे, वाद्यं बंद करायचे आणि नुसता सोललेला आवाज मोठ्या स्पीकरवर लावायचे. तेही एकट्यापुढे नाही. अख्ख्या पार्टीला आत बोलावून, सतरंजीवर बसवून.

"इको म्हंजे मेलेल्या मानसाच्या तोंडाले लावलेली पावडर हाय," ते म्हणायचे. "जित्ता असन तर कोरडा ऐकू द्या."

मग निकाल. तो बहुधा ठरलेला असायचा. वर्षानं येजो.

अंजनगावकडचे एक बुवा होते. पंचक्रोशीत त्यांच्या भजनाला माणसं ट्रॅक्टर भरून जायची. ते आपल्या मंडळाला घेऊन आले, डोळे मिटून गायले, आणि मग सतरंजीवर बसून त्यांनी स्वतःचा कोरडा आवाज ऐकला. इतकी वर्षं जो सूर आपण लावतो असं त्यांना वाटत होतं, तो खंजेऱ्यांच्या गर्दीत दुसराच कोणी लावत होता. मागे बसून साथीला ओळ धरणारा त्यांचा झीलकरी मान खाली घालून बसला, कारण तो त्याचाच सूर होता. दिगूभाऊंनी बुवांना वर्षानं यायला सांगितलं आणि झीलकऱ्याला म्हणाले, तू आताच म्हन. मंडळ परत जायला निघालं तेव्हा बुवा ड्रायव्हरजवळ एकटे बसले होते आणि बाकीचे मागे झीलकऱ्याभोवती. मी दिगूभाऊंना विचारलं, म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांसमोर कशाला ऐकवलं? त्यांनी सरळ विचारलं, "म्हनताना तो सगळ्याईसमोर म्हनते ना?" मला ते त्या दिवशी आवडले नाहीत.

आता स्टुडिओला ज्यांचं नाव आहे त्या सुभद्रावहिनींबद्दल सांगितलं पाहिजे.

दिगूभाऊ आधी मंडपाचे भोंगे भाड्याने द्यायचे. हिवरखेडला एका सप्ताहात त्यांनी भोंगा लावला आणि त्यातून महिला मंडळातल्या एका मुलीचा आवाज आला. सप्ताह संपायच्या आत त्यांनी तिच्या वडिलांकडे मागणी घातली. पुढे स्टुडिओ काढला तेव्हा पाटीवर तिचं नाव घातलं आणि उद्घाटनाला पहिलं गाणंही तिचंच ठेवलं. दोन्हीकडचे सोयरे सतरंजीवर बसले होते. वहिनी गायल्या. दिगूभाऊंनी इको काढला आणि नव्या बायकोचा कोरडा आवाज तिच्या आईवडिलांसमोर लावला. "नाकातून जाऊन राह्यला," ते म्हणाले. "वर्षानं येजो." लोकांना वाटलं, नवराबायकोची थट्टा चालली आहे. सगळे हसले, वहिनीही हसल्या आणि पेढे वाटायला उठल्या.

वर्ष झालं. त्यांनी बोलावलं नाही, वहिनी गेल्या नाहीत. गरज गाणाऱ्याला असते, तिने यावं, असं दिगूभाऊंचं. या म्हणणाऱ्याने दार उघडावं, असं वहिनींचं. भांडण झालं असतं तर एखाद्या दिवाळीला मिटलंही असतं, पण घरात त्यावर कोणी कधी बोललंच नाही. स्टुडिओला लागूनच घर, आणि वऱ्हाडातल्या यच्चयावत गायकांना चहा करून देणं वहिनींच्या वाट्याला आलं. पाटीवर नाव तिचं आणि आत कप-बशा घेऊन जाणारीही तीच. मला वाटतं, बुवांना केलेल्या अपमानापेक्षा हा अपमान मोठा होता, कारण बुवा निदान ट्रॅक्टरमध्ये बसून निघून तरी जाऊ शकले.

दिगूभाऊंच्या निकालाने सगळेच मोडले असं नाही. अकोल्याची करुणा नावाची मुलगी जयंतीच्या आधी भीमगीतांची पार्टी घेऊन आली होती. कोरडं ऐकताना ती रडली. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि परत लावायला सांगितलं. मग परत. दिगूभाऊंनी तिलाही वर्षाची वाट दाखवली. ती वर्षाने आली, पालथा तळहात घेऊन गेली, पुन्हा आली. शेवटी टक झाली तेव्हा तिच्या तबलेवाल्याने तबल्याच्या पाया पडून घेतलं. पुढे तिचं नाव झालं, आणि अकोल्यात एका कार्यक्रमात तिने दिगूभाऊंना स्टेजवर बोलावून हजारो लोकांसमोर सांगितलं की या माणसाने मला रडवलं, म्हणून मी आज उभी आहे. टाळ्या पडल्या. दिगूभाऊंनी माइक घेतला आणि तिसऱ्या गाण्यात वरचा सूर उतरला होता, एवढंच सांगून खाली आले. गाडीत मी म्हटलं, एका वाक्याने काय झिजलं असतं तुमचं?

सगळ्यात वाईट आठवण तेल्हाऱ्याच्या एका बापाची आहे. त्याचा तरुण मुलगा अपघातात गेला होता. मुलाने मोबाइलवर म्हटलेलं एक गाणं होतं. ते जरा सुरात आणून, मागे बाजा लावून द्या, वर्षश्राद्धाला लावायचं आहे, असं तो म्हणत होता. दिगूभाऊंनी ते पूर्ण ऐकलं. मी मनात म्हणत होतो, आता तरी नको.

"पोरगा बेसूर होता," ते म्हणाले.

दिगूभाऊंनी सांगितलं की मी याला हात लावणार नाही, बेसूर होता तर तसाच राहू द्या, सुरात आणला तर तो तुमचा पोरगा राहायचा नाही. बाप जे बोलून गेला ते इथे लिहिता येणार नाही, आणि त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. तो नागपूरला गेला. तिथे कोणीतरी कॉम्प्युटरवर गाणं सुरात बसवून, बाजा लावून, इकोत बुडवून दिलं. श्राद्धाच्या नंतर तो परत आला. दारातच बसला. म्हणाला, बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, हा आपला नोहे, बंद करा. मी दिगूभाऊंकडे पाहिलं. एखादा हात तरी खांद्यावर ठेवतील म्हणून. त्यांनी मोबाइलात मूळचं आहे का, एवढं विचारलं. आहे म्हटल्यावर तेच लाव म्हणाले आणि आत कामाला निघून गेले. वहिनी चहा घेऊन आल्या, बापाजवळ जमिनीवर बसल्या आणि तो कप संपवीपर्यंत उठल्या नाहीत. ते बरोबर होते हे मला मान्य आहे. पण असं बरोबर असणं कोणाच्या नशिबी येऊ नये.

वहिनींच्या हातची शेंगदाण्याची चटणी फार बारीक असायची. आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो, की दाताला कामच ठेवत नाही तुम्ही. दुपारी मिक्सर सुरू झाला की किती तरी वेळ घरघरत राहायचा. एकदा लाइटचं बिल वाढतं ते यामुळेच, असं चिडवायला म्हणून मी सहज स्वयंपाकघराकडे वळलो, आणि दारातच थबकलो. मिक्सरच्या भांड्यात काही नव्हतं. वहिनी त्याच्यावर एक हात ठेवून, भिंतीकडे तोंड करून गात होत्या. मिक्सर एवढा मोठ्याने चालला होता की शब्द कळत नव्हते. मी तसाच मागे फिरलो.

दिगूभाऊ काचेजवळ वायर गुंडाळत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता नाकातून जात नाई तिचं. मागच्या पावसाळ्यापासूनच नाई."

म्हणजे त्यांना ऐकू येत होतं. मिक्सरच्या खालून, गाद्यांच्या भिंतीतून, रोज. मी म्हटलं, मग बोलवा ना त्यांना.

"मी काहून बोलावू? तिनं यावं."

मी तडक जाऊन वहिनींना ते सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम कोवळा झाला. मग त्यांनी विचारलं, "यायनं सांगतलं काय तुमाले, मले सांगाले?" मी नाही म्हटलं. "मंग राहू द्या," त्या म्हणाल्या आणि खरोखरचे शेंगदाणे निवडायला घेतले. मला दोघांचाही भयंकर राग आला. एकाच छपराखाली एक जण गाऊन ठेवत होती, दुसरा ऐकून ठेवत होता, आणि मधे वीतभर भिंत होती.

त्यानंतर काही वर्षांनी दिवाळीच्या सुमारास दिगूभाऊंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उजव्या हाताला सूज म्हणून वहिनींनी अंगठी डाव्या हातात घातली. डॉक्टरांनी कान तपासले आणि कान शाबूत आहेत म्हणून सांगितलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी हेच सांगायच्या, बाकी गेलं, पण कान शाबूत हायेत. रोज दुपारी त्या त्यांना चाकाच्या खुर्चीवरून स्टुडिओत आणून काचेजवळ बसवायच्या. मशीन आता पुतण्या चालवायचा, विकी. तो भला मुलगा, येईल त्याला इको लावून द्यायचा. दिगूभाऊ गप्प बसून असायचे. ते गप्प बसणं ही त्यांची नापसंती आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. करुणा भेटायला आली, गाऊन गेली, तिलाही काही मिळालं नाही. ती जाताना म्हणाली, भाऊ अजून तसेच आहेत. हे ऐकून वहिनींना केवढं बरं वाटलं.

होळी होऊन गेली होती. वहिनींचा मला फोन आला. दुपारी येजा म्हणाल्या. मग जरा थांबून, "आता त्यायले बोलावता येत नाई. मंग मलेच जा लागन."

मी सकाळीच जाऊन माझी साड्यांची जाहिरात उरकून घेतली आणि थांबून राहिलो. दुपारी वहिनी आल्या. कूलर त्यांनी स्वतः बंद केला. चपला दाराबाहेर काढल्या. आत जाऊन माइकसमोर उभ्या राहिल्या आणि हिवरखेडच्या मंडळात म्हणायच्या त्यातलंच एक भजन त्यांनी सुरू केलं. मला सुरातलं काही कळत नाही. म्हणून मी त्यांच्या पायांकडे पाहत राहिलो. आवाज वयाने जाड झाला होता, काठाला खरखरीत, पण तो छातीतून येत होता आणि शेवटपर्यंत त्यांच्या पायाचा अंगठा हलला नाही. गाणं संपलं.

काचेवर टक झाली.

आतून ते ऐकू येतं त्यापेक्षा दिसतं जास्त. वहिनींनी पाहिलं. तोंडावर पदर दाबला आणि तिथेच खाली बसल्या. मी रडलो, त्यात मला लाज नाही. विकी इतका हरखला की गाणं जपून ठेवायच्या गडबडीत भलतंच बटण दाबलं गेलं आणि स्पीकरवरून सकाळचा माझा आवाज आला, या ताई, या माई, साड्यांचा महासेल.

काचेवर टक झाली.

खरं सांगतो, एक क्षण मला आनंदच झाला. इतक्या वर्षांनी मिळाली. तोवर रस्त्यावर एका ऑटोने हॉर्न दिला आणि पुन्हा टक झाली. विकीने घाबरून कूलर सुरू केला, त्याची मोटर कण्हत कण्हत पाणी ओढू लागली, आणि इतके महिने न हललेली दिगूभाऊंची अंगठी, एकदा सुरू झाली ती आता त्या मोटरीलाही दाद देत राहिली, टक, टक, टक. चेहऱ्यावर समाधान होतं. एवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. कान शाबूत होते. कानांच्या मागे जो ऐकणारा बसलेला असायचा तो उठून गेला होता.

वहिनी दाराशी येऊन उभ्या होत्या, हातात चपला. किती वेळ उभ्या होत्या माहीत नाही, पण सगळं ऐकण्याइतका वेळ. विकी काहीतरी बोलायला गेला, काकू, तुमचं मात्र खरंच चांगलं झालं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लाव माह्यं," त्या म्हणाल्या. "पावडर नोको. कोरडं लाव."

विकीने इको काढला. कूलर पुन्हा बंद झाला. सतरंजीवर कोणी नव्हतं, आम्ही तिघंच, आणि खुर्चीवर ते. वहिनींनी स्वतःचा सोललेला आवाज उभ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मधून मधून टक होत होती, जिथे व्हायला हवी तिथे आणि जिथे नको तिथेही. संपल्यावर मी वाट पाहत होतो की आता या कोसळतील.

"तिसऱ्या कडव्यात दम तुटते," त्या म्हणाल्या. "वर्षानं पाहू."

मग त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल घेतला, दिगूभाऊंची लाळ पुसली, टॉवेलची घडी केली आणि ती काच आणि त्यांचा डावा हात यांच्या मधे ठेवून दिली. आत स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने चहाचं भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मिक्सर लागला नाही. भजन पहिल्या ओळीपासून सुरू झालं, उघड्यावर.

मी दिगूभाऊंना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. रिकाम्या माइककडे बघत, मान किंचित हलवत, ते टॉवेलवर अंगठी आपटत बसले होते आणि त्याचा काहीच आवाज होत नव्हता. विकीने मला हळूच विचारलं, टॉवेल काढू का? मी म्हटलं, राहू दे.